चष्मा उतरवण्याची घाई

गेल्या महिन्यात बेळगावजवळच्या एका मराठी शाळेत पालकांची सभा होती. माझी नात तिथे चौथीत शिकते, म्हणून मीही गेलो होतो. गणवेश, छपराची गळती आणि मुलींच्या स्वच्छतागृहातले पाणी एवढे विषय संपल्यावर एका पालकांनी सूचना मांडली की, रोज प्रार्थना झाली की मुलांकडून दहा मिनिटे डोळ्यांची योगासने करून घ्यावीत, म्हणजे वर्षाच्या आत निम्म्या मुलांचे चष्मे उतरतील. सूचना साधी होती आणि मांडणारे गृहस्थ तळमळीचे होते. पण पुढचा पाऊण तास जे चालले ते ऐकून मी अस्वस्थ झालो. एका बाजूचे म्हणणे असे की, हे सगळे आपल्या ऋषिमुनींनी सांगून ठेवले आहे आणि चष्म्याचा धंदा चालावा म्हणून ते दडपले जाते. दुसऱ्या बाजूने एका निवृत्त शिक्षकांनी ठणकावले की, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, डोळे फिरवून काही होत नसते, शाळेत असले प्रकार नकोत. परंपरा विरुद्ध विज्ञान, स्वदेशी विरुद्ध विलायती अशी ती लढाई झाली, आणि त्या शाळेतल्या किती मुलांना आज फळ्यावरचे अक्षर दिसत नाही, हे मात्र कोणीच विचारले नाही. सीमाभागात आपल्याला बाजू घेण्याची सवय जडली आहे आणि तिला कारणेही तशीच घडली आहेत. म्हणून प्रत्येक प्रश्नाला दोनच बाजू असतात असे नाही.

माझे मत आधीच सांगतो. डोळ्यांच्या योगक्रिया थकलेल्या डोळ्यांना विसावा देतात आणि तेवढ्यासाठी त्या जरूर शिकवाव्यात. पण त्या चष्म्याचा नंबर उतरवत नाहीत, मोतीबिंदू विरघळवत नाहीत, काचबिंदू रोखत नाहीत, आणि तसे सांगून त्या शिकवल्या तर डोळे तपासण्याची वेळ निघून जाते. शाळेकडे रोजची दहा मिनिटे असतील, तर ती वर्गात बसून बुबुळे फिरवण्यात घालवण्यापेक्षा मुलांना पटांगणात सोडण्यासाठी द्यावीत.

योगाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: डोळ्यांचा शीण हा मनाचा खेळ नाही. आपल्याच मुलखात पाहा. वडगाव-खासबागेत पॉवरलूमच्या खडखडाटात दिवसभर उभा राहून तुटलेला धागा हेरणारा विणकर, ट्यूबलाइटच्या उजेडात कांड्या भरणारी त्याची बायको, निपाणीत मांडीवर सूप घेऊन पानात तंबाखू भरणारी आणि दोऱ्याने विडी बांधणारी बाई, उद्यमबागेत लेथवर बारीक मापे वाचणारा कामगार, हे सगळे हातभर अंतरावर नजर खिळवून आठ-दहा तास काढतात. त्यांच्या जोडीला आता हातात मोबाइल धरलेली त्यांची मुले आली आहेत. वडगावात माझी एक मावशी राहते. संध्याकाळी माग थांबला की ती ओसरीवर येऊन बसते, तळवे एकमेकांवर चोळते, ऊब आली की त्यांची ओंजळ करून डोळ्यांवर धरते, आणि दोन-तीन मिनिटांनी हात काढून समोरच्या परसातल्या माडाच्या शेंड्याकडे पाहत राहते. मग म्हणते, "आता जरा बरं वाटूलालंय." तिला बरे वाटते यात काहीही गूढ नाही. जवळचे पाहताना डोळ्याच्या आतला एक वर्तुळाकार स्नायू आवळला जातो आणि त्यामुळे भिंग फुगीर होते. लांब पाहिले की तो सैल पडतो. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा लवणारी पापणी एकटक काम करताना त्याच्या निम्म्यानेही लवत नाही आणि लवली तरी पुरती मिटत नाही, म्हणून बुबुळावरचा अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. मावशीच्या त्या पाच मिनिटांत स्नायूही सैल होतो आणि डोळेही ओलावतात. नेत्रतज्ज्ञ हल्ली सांगतात तो नियमही याहून फार वेगळा नाही: दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद पाहा. मग मावशीला हे करू नको असे कोणी का सांगावे? त्याला पैसा लागत नाही, अपाय होत नाही, आणि दिवसभराच्या कष्टांनंतर स्वतःसाठी काढलेली ती तेवढीच वेळ असते.

परंतु विसावा आणि उपचार यांत मोठे अंतर आहे आणि ते शरीररचनेनेच घालून दिले आहे. ज्या मुलाला लांबचे दिसत नाही, ज्याला मायनस नंबर आहे, त्याचा डोळा बहुधा अशक्त झालेला नसतो. तो प्रमाणाबाहेर लांबट वाढलेला असतो. प्रौढ माणसाचा नेत्रगोल पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो, आणि त्यात एका मिलिमीटरची वाढ झाली की अडीच-तीन नंबर चढतो. वाढलेली उंची जशी कोणत्याही आसनाने कमी होत नाही, तसा लांबलेला डोळाही आखूड होत नाही. डोळा फिरवणारे जे सहा स्नायू बाहेरून चिकटलेले असतात, ते तर जागेपणी अखंड काम करत असतात; त्यांना आणखी बळकट करून नंबरावर काय परिणाम व्हावा? चाळिशीला तर आपल्या भाषेने नावच वयावरून दिले आहे. वयाबरोबर भिंगाचा लवचीकपणा कमी होत जातो आणि चाळीस ओलांडली की वर्तमानपत्र लांब धरावे लागते. भिंगच ताठरले असेल तर आतल्या स्नायूने कितीही जोर लावला तरी ते पूर्वीसारखे फुगत नाही.

यावर परंपरेचा दाखला दिला जातो आणि तो मी टाळू इच्छित नाही, कारण तो या वादातला सर्वांत वजनदार दाखला आहे. हठप्रदीपिकेत धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती ही सहा कर्मे सांगितली आहेत. सूक्ष्म लक्ष्याकडे निश्चल दृष्टीने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहणे म्हणजे त्राटक, आणि ते नेत्ररोगांतून सोडवते, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. वचन आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्याच्या अर्थाचा. हा ग्रंथ साधारण पंधराव्या शतकातला. त्या काळी दृष्टिदोषाचा नंबर मोजण्याची सोय जगात कुठेच नव्हती, जिवंत माणसाच्या नेत्रगोलाची लांबी कोणाला मोजता येत नव्हती, आणि 'नेत्ररोग' या एका शब्दाखाली चिपडे येण्यापासून अंधत्वापर्यंत सर्व काही मावत होते. ज्या ग्रंथकाराला उणे तीन नंबर ही गोष्टच ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्याच्या तोंडी तो नंबर उतरवण्याचे आश्वासन घालणे हा त्याचा गौरव आहे काय? त्राटक हे मुळात चित्त एका जागी आणण्याचे साधन आहे. ज्याला एकाग्रता हवी आहे त्याने ते जाणकाराकडून शिकावे, त्यात मन रमते असा अनेकांचा अनुभव आहे. चष्म्याला पर्याय म्हणून ते पुढे केले की आपण त्याची उंचीच कमी करतो.

शिवाय त्या सभेत 'आपले' म्हणून जे प्रकार सांगितले गेले, त्यांतले सगळे आपले नाहीतही. तळव्यांनी डोळे झाकणे, डोळ्यांवर ऊन घेणे आणि अंग डोलवत नजर फिरवणे हे तीन प्रकार डोळे सुधारण्याचा उपाय म्हणून जगभर पसरवले ते न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम बेट्स यांनी, १९२० साली पुस्तक लिहून. बेट्स यांची उपपत्ती अशी होती की, डोळा जवळ-लांब स्थिर करण्याचे काम बाहेरचे स्नायू नेत्रगोलाला दाबून करतात, आणि त्या स्नायूंवरचा ताण गेला की चष्मा लागणार नाही. वास्तविक हे काम आतले भिंग आकार बदलून करते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या दशकातच दाखवून दिले होते, आणि पुढच्या सर्व मोजमापांनी हेल्महोल्ट्झ यांचेच म्हणणे खरे ठरवले. आपल्याकडे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील डॉ. आर. एस. अग्रवाल यांनी बेट्स यांच्या पद्धतीचा मोठा प्रसार केला, आणि हळूहळू ती योगवर्गांत अशी मिसळून गेली की तिचे मूळ गाव कोणाला आठवेनासे झाले. परकी म्हणून ती टाकावी असे मी म्हणत नाही. माझी मावशी जे करते त्यातला अर्धा भाग तिथूनच आला असेल, आणि तिला त्याने बरेच वाटते. माझे म्हणणे इतकेच की, या विषयात स्वदेशी-विलायतीचा झेंडा उभारण्याला काहीच आधार उरत नाही. जे शंभर वर्षांपूर्वी तपासून चुकीचे ठरले, ते ऋषींच्या नावावर मांडले म्हणून बरोबर होत नाही.

"पण आमच्या घरी चष्मा उतरलाय, त्याचे काय?" हा प्रश्न सभेत विचारला गेला आणि त्याला कोणी नीट उत्तर दिले नाही. उत्तर देणे आवश्यक आहे, कारण विचारणारा खोटे बोलत नव्हता. माझे एक काका खानापूर तालुक्यात राहतात. सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस त्यांनी चाळिशी कपाटात ठेवून दिली आणि पंचांगातले बारीक अक्षर उघड्या डोळ्यांनी वाचू लागले. त्याआधी दोन वर्षे ते पहाटे उठून समईच्या ज्योतीवर त्राटक करत होते. साहजिकच गावभर बोलबाला झाला, दोघातिघांनी समया पेटवल्या, आणि खरे सांगायचे तर आम्हा घरच्यांनाही अभिमान वाटला. सात-आठ महिन्यांनी त्यांना रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाकल्यासारखे दिसू लागले आणि फाट्यावर उभे राहून बसची पाटी वाचता येईना. तपासणीत निघाला तो मोतीबिंदू, भिंगाच्या गाभ्यातला. गाभा घट्ट होत जातो तशी भिंगाची ताकद वाढते, डोळा मायनसकडे झुकतो, आणि काही काळ जवळचे चष्म्यावाचून दिसू लागते. नेत्रतज्ज्ञांना ही अवस्था चांगली परिचित आहे. जो आम्हाला गुण वाटला तो आजाराचा पहिला टप्पा होता. काकांचे ऑपरेशन व्यवस्थित झाले, ते आजही पहाटे उठतात आणि ज्योतीसमोर बसतात, पण आता कोणी विचारले तर आधी डोळे तपासून ये म्हणतात.

मुलांमध्येही असाच एक फसवा प्रकार असतो. तासन् तास जवळचे पाहून आतला स्नायू आवळलेलाच राहिला, तर तात्पुरता मायनस नंबर दिसतो. औषधाचे थेंब घालून स्नायू सैल केला आणि मग तपासले की खरा नंबर कळतो. अशा मुलाला विश्रांतीने आणि लांब पाहण्याने फरक पडतो, परंतु त्याचा उतरलेला नंबर मुळात त्याचा नव्हताच. मधुमेही माणसाची साखर वर-खाली झाली की चष्म्याचा नंबर आठवड्या-दोन आठवड्यांत बदलतो. तेव्हा 'मला गुण आला' या अनुभवाला मी खोटे म्हणणार नाही. अनुभव खरा असतो, त्याला जोडलेले कारण तपासावे लागते.

आणि समजा, एवढ्यानेही कोणाचे समाधान झाले नाही आणि प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर करून पाहिल्याशिवाय कसे कळणार असे कोणी म्हणाले, तर तेही करून झाले आहे. चीनने १९६३ पासून शाळाशाळांत डोळ्यांच्या व्यायामाचा प्रसार केला. दिवसातून दोनदा, ध्वनिक्षेपकावर लागणाऱ्या संगीताच्या तालावर, पाच-पाच मिनिटे मुलांनी डोळे मिटून भुवया, नाकाचे मूळ, गालाचे हाड यांवरचे ठरावीक बिंदू चोळायचे. पिढ्यान्‌पिढ्या, कोट्यवधी मुलांनी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, शिस्तीत हे केले. आपल्या शाळेत जे योजले जात आहे त्याहून ते कितीतरी काटेकोर होते. आणि २०१८ च्या तिथल्या सरकारी पाहणीत मुले आणि किशोर मिळून ५३.६ टक्के जणांना मायनस नंबर निघाला. व्यायाम नसता तर हा आकडा आणखी मोठा असता, असा युक्तिवाद करता येईल आणि तो मी सरसकट फेटाळत नाही. पण जो उपाय वर्षात निम्मे चष्मे उतरवतो असे आपण म्हणतो, तो पंचावन्न वर्षे राबवूनही निम्म्याहून अधिक मुलांना चष्मा लागत असेल, तर त्या उपायाकडून आपण काय अपेक्षा धरायची?

त्याच चीनमधून याच प्रश्नाचे खरे उत्तर आले, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. ग्वांगझोऊ शहरात बारा शाळा निवडून त्यांतल्या सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला गेला, उरलेल्या सहा शाळांचे वेळापत्रक होते तसेच ठेवले. तीन वर्षांनी मोजले तेव्हा बाहेर खेळलेल्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायनस नंबर लागला होता, इतर शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तैवानने तर त्याआधीच, २०१० पासून, मुलांनी दिवसातून १२० मिनिटे बाहेर असावे यासाठी शाळांना कामाला लावले होते. लागलेला चष्मा यानेही उतरत नाही, पण लागणारा चष्मा काही मुलांच्या बाबतीत टळतो किंवा लांबतो. कारण बहुधा उजेडात आहे: वर्गात काहीशे लक्स (लक्स हे उजेडाचे माप) प्रकाश असतो, बाहेर उन्हात तो दहा हजारांच्या कितीतरी पुढे जातो, आणि भरपूर प्रकाशात दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, स्रवणारे डोपामिन हे रसायन नेत्रगोलाच्या अवाजवी वाढीला आवर घालते असे मानले जाते. यावर बेळगावकर लगेच विचारील की, जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या पटांगणात घोटाभर चिखल असतो, तेव्हा काय करायचे? रास्त प्रश्न आहे. पण ढगाळ दिवशीही मोकळ्या आकाशाखालचा उजेड वर्गातल्या उजेडाच्या अनेक पट असतो. पावसाने उसंत दिली की बाहेर आणि एरवी मोठ्या उघड्या व्हरांड्यात, एवढे तर जमण्यासारखे आहे. व्हरांड्यात उजेड कमी पडतो हे मान्य, तरी खिडक्या लावून घेतलेल्या वर्गापेक्षा तो बरा.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण 'डोळ्यांचे व्यायाम म्हणजे थोतांड' म्हणणाऱ्या शिक्षकांचेही म्हणणे पुराव्याला धरून नव्हते. नेत्रवैद्यक स्वतः व्यायाम सांगते. काही मुलांचे दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळत नाहीत. वाचताना ओळी दुहेरी दिसतात, कपाळ दुखते, मूल पुस्तक टाळते आणि घरी आळशी ठरते. अशा ९ ते १७ वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, दवाखान्यात प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली १२ आठवडे व्यायाम केलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. मात्र त्याच चाचणीत घरच्या घरी पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते, आणि केवळ नावापुरते, नकली व्यायाम केलेल्यांत ३५ टक्के. या एका चाचणीत दोन्ही बाजूंना धडा आहे. योग्य दोषावर, योग्य पद्धतीने दिलेला व्यायाम काम करतो. आणि नकली व्यायामानेही तीनातल्या एकाला बरे वाटते, म्हणून नुसत्या बरे वाटण्यावर विसंबता येत नाही. शिवाय तुच्छतेने कोणाचे भले झाले आहे? मावशी एकदा तक्रार घेऊन एका दवाखान्यात गेली होती. तासभर रांगेत बसली आणि दोन मिनिटांत "नंबर नाही, काही झालेलं नाही" असे ऐकून परत आली. तिचे काम काय, ती किती वेळ कांड्या भरते, उजेड कसा आहे, हे कोणी विचारले नाही. योगवर्गातल्या बाईंनी ते विचारले. ती तिकडे गेली यात नवल ते काय?

तरीही या सगळ्यात जे मला सर्वांत जास्त खटकते ते वाया जाणारे दिवस. मोठ्या माणसाने सहा महिने डोळे फिरवून पाहिले आणि नंबर उतरला नाही तर त्याचे फारसे बिघडत नाही. लहान मुलाचे तसे नाही. एका डोळ्याला मोठा नंबर असेल आणि दुसरा चांगला असेल, तर मेंदू चांगल्या डोळ्यावर काम भागवतो आणि दुसऱ्याकडून पाहायला शिकतच नाही. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दिसत असते. हा आळशी डोळा चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून सुधारतो, पण त्याचे वय साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचे. पुढे यश घटत जाते. पहिलीतल्या मुलाचा चष्मा 'व्यायामाने उतरेल' म्हणून वर्ष-दोन वर्षे कपाटात राहिला, तर ते नुकसान पुढे कोणत्या दवाखान्यात भरून काढायचे? काचबिंदूचे तर दुखणेच मुके असते. बहुधा ना वेदना, ना लाली. कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. तिथे उपाय एकच, चाळिशीनंतर डोळ्यातला दाब आणि डोळ्यामागची नस वेळोवेळी तपासून घेणे. आणि योगवर्ग घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी: शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, हे मोजून पाहिलेले आहे. ज्याला काचबिंदू आहे, त्याला डोळ्यांसाठी उत्तम म्हणून शीर्षासन सांगणे हे त्याच्यावर संकट ओढवणे आहे. तसेच उगवत्या सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून पाहायला मुलांना कोणीही, कोणत्याही नावाखाली सांगू नये. दृष्टिपटल भाजले तर कळही येत नाही, मधोमध डाग मात्र कायमचा राहू शकतो.

मग एवढा धोका असूनही चष्मा उतरवण्याचे आश्वासन इतके गोड का लागते? मला वाटते, यामागे ऋषिमुनींपेक्षा लाज जास्त आहे. आपल्या गावांत मुलीला चष्मा लागला की आई पहिल्यांदा स्थळाचा विचार करते. "आत्तापासून चष्मा? पुढं कोण करून घेणार?" हे वाक्य मी माझ्या घरात ऐकले आहे. बघायला येणार त्या दिवशी चष्मा काढून ठेवायचा, चहाचा ट्रे अंदाजाने आणायचा आणि समोर बसलेल्यांचे चेहरे न पाहताच खाली मान घालून बसायचे, असे करणाऱ्या मुली आपल्या ओळखीत असतील. वर्गात 'चष्मिस' म्हणून चिडवल्यामुळे दप्तरातच चष्मा ठेवणारी मुले तर प्रत्येक शाळेत सापडतात. जोपर्यंत चष्मा हे व्यंग मानले जाते, तोपर्यंत तो लपवण्याचा प्रत्येक उपाय लोकांना हवाच असणार. योग शिकवणाऱ्यांनी या लाजेला खतपाणी घालू नये, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनी तिची दखल न घेता नुसते 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे होऊ नये. नातीच्या वर्गात मी पाहिले, ज्या शिक्षिकेने स्वतःचा चष्मा मुलांना हातात देऊन त्यातून काय दिसते ते विचारले, तिच्या वर्गातले चिडवणे पुढे ऐकू आले नाही.

स्वदेशीचाच विषय निघाला आहे तर दोन माणसांची आठवण करून देणे मला भाग आहे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी होती, त्यांच्या धन्वंतरी महालात वैद्यांच्या औषधांवर काम चालायचे आणि युरोपीय पद्धतीने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही व्हायच्या. तिथल्या नेत्ररुग्णांची टिपणे आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, रुग्णांच्या डोळ्यांच्या हाताने रंगवलेल्या चित्रांसह. कोणता डोळा, काय दोष, काय केले, पुढे काय झाले, हे एका मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवायला लावले. दुसरे नाव तर आपल्या शेजारचे. डॉ. एम. सी. मोदी बिळगीचे, आजच्या बागलकोट जिल्ह्यातले. ते शिकले बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात, आणि आयुष्य घालवले गावोगाव शिबिरे भरवून मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रिया करण्यात. एका दिवसात ८३३ शस्त्रक्रियांचा त्यांचा विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला. आयुर्वेद शिकलेल्या त्या माणसाला हातात शस्त्र घेताना आपण परंपरा सोडतो आहोत असे वाटले असेल काय? आपल्या आज्ज्यांच्या पिढीत खुपऱ्यांनी, म्हणजे ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गाने, किती डोळे गेले. त्या खुपऱ्या सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून देशातून संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. स्वच्छ पाणी, धुतलेले चेहरे आणि औषध यांनी ते साधले.

सभेतला तो ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आहे आणि तिथे मी दुरुस्ती सुचवणार आहे. मधल्या सुट्टीला जोडून मुलांना रोज बाहेर सोडावे. प्रत्येक तास संपला की दोन मिनिटे डोळे मिटून, मग खिडकीतून लांबच्या झाडाकडे पाहायला सांगावे, आणि त्याला विसावा म्हणावे, उपचार म्हणू नये. पण या दोन्हींच्या आधी, पहिल्या महिन्यात, प्रत्येक मुलाची नजर एकेका डोळ्याने तपासावी. त्यासाठी अक्षरांचा तक्ता नको. आपल्याकडच्या दवाखान्यांत मी पाहिलेले तक्ते कन्नड किंवा इंग्रजी अक्षरांचे असतात. मावशीला त्यातले वाचायला सांगितले तेव्हा दिसत नाही म्हणून थांबावे की येत नाही म्हणून, हे तिला सांगता येईना आणि तपासणाऱ्याला समजेना. इंग्रजी 'ई' चार दिशांना वळवलेला तक्ता असतो, त्यात वाचायचे काहीच नसते, पाय कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचे. मराठी, कन्नड, उर्दू, कोणत्याही घरातले मूल ते दाखवू शकते. सहा मीटरवरून १३ मिलिमीटर उंचीचा 'ई' कुठे वळला आहे हे ज्याला एखाद्या डोळ्याने सांगता येणार नाही, त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचे. तक्ता मी पुठ्ठ्यावर करून ठेवला आहे. परवा शाळेत जाऊन व्हरांड्यात अंतरही मोजून आलो: मुख्याध्यापकांच्या खोलीच्या भिंतीपासून धरले तर सहा मीटरची खूण चौथीच्या वर्गाच्या उंबऱ्याशी, पाण्याच्या नळाच्या थोडी अलीकडे येते.